वाचक विचारतात : विमानात काय नाही, ते आधी बघा

गेल्या अंकात लिहिलं होतं की लष्करी विमानांच्या डिझाइनबद्दल जे विचारायचंय ते बिनधास्त विचारा, आणि पत्रांचा न् मेसेजचा ढीगच लागला. सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं शक्य नाही, म्हणून ज्या प्रश्नांवर मनापासून बोलावंसं वाटलं ते घेतलेत. क्रम मुद्दाम असा लावलाय, कारण एका उत्तरातला माणूस किंवा एखादं इंजिन पुढच्या उत्तरात परत भेटतं.

सर, तुम्ही फिरून फिरून नॅटवर येता. मी फोटो बघितले, ते तर खेळण्यातलं विमान वाटतं. सुखोई, राफेल सोडून त्यात एवढं काय बघता? (इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, नाशिक)

खेळण्यातलं वाटतं हे तू अगदी बरोबर बघितलंस, तेच तर त्याचं डिझाइन आहे. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम २२ फूट, लांबी २९ फुटांच्या आत, म्हणजे आपली एसटी त्याच्या शेजारी उभी केली तर एसटी मोठी दिसेल. आणि हे जेट फायटर होतं, दोन ३० मिलिमीटरच्या तोफा घेऊन लढणारं.

ते काढलं टेडी पेटर नावाच्या इंग्रज डिझायनरनं. ज्यांची ऑइल इंजिनं प्रसिद्ध होती तेच हे पेटर घराणं, जुन्या मेकॅनिक लोकांना नाव ऐकून माहीत असेल. १९५० च्या आसपास फायटर विमानं दर पिढीला जड आणि महाग होत चालली होती. वजन वाढलं म्हणून मोठं इंजिन, मोठं इंजिन म्हणून जास्त इंधन, जास्त इंधन म्हणून मोठी टाकी, मोठी टाकी म्हणून परत वजन, आणि या चक्रातून बाहेर पडायला कुणी तयार नव्हतं. पेटरनं ते चक्र उलटं फिरवलं. एक वस्तू काढ, मग तिला धरून ठेवणारी दुसरी वस्तू काढता येते, मग इंजिन लहान चालतं, मग इंधन कमी लागतं, आणि असं करत करत तो अशा ठिकाणी पोचला की आता अजून काही काढलं तर विमान लढू शकणार नाही. तिथं तो थांबला.

त्याची एक युक्ती मला फार आवडते. हवेत वेग कमी करायला विमानाला एअरब्रेक लागतात, म्हणजे हवा अडवणारे पत्रे. ते वेगळे बसवायचे तर त्यांचं वजन आलं, त्यांना हलवणारी यंत्रणा आली. पेटरनं काय केलं, तर उतरायची चाकं आणि त्यांची दारंच अर्धवट खाली सोडता येतील अशी सोय केली, तीच हवा अडवतात, वेगळे ब्रेक नकोतच. तोफा कुठं ठेवायच्या? इंजिनात हवा जायच्या तोंडांच्या कडेलाच, दोन बाजूंना एक एक. एका वस्तूकडून दोन कामं करून घेणं हे आपल्या प्रत्येक घरात आईला जमतं, पण कारखान्यात, शंभर इंजिनिअर आपापला भाग मोठा करायला बसलेले असताना ते जमवणं फार अवघड.

इंजिन होतं ब्रिस्टलचं ऑर्फियस, स्टॅनली हुकरच्या टीमनं केलेलं. हे नाव लक्षात ठेव, खाली दोनदा येणार आहे.

नॅट पहिल्यांदा उडालं १८ जुलै १९५५ ला. गंमत म्हणजे ब्रिटिश हवाई दलानं ते फायटर म्हणून घेतलंच नाही, दोन सीटचं ट्रेनर करून घेतलं (त्यांची रेड ॲरोज टीम सुरुवातीला त्यावरच कसरती करायची). फायटर म्हणून त्याला खरा आधार दिला तो भारतानं. १९५६ मध्ये करार झाला आणि बंगळुरूला तेव्हाच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये (आजचं हिंदुस्तान एरोनॉटिक्स) ती बनायला लागली. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानी सेबर विमानांपुढं हे इतकं लहान पडायचं की समोरून दिसायलाच वेळ लागायचा, दिसेपर्यंत ते वळलेलं असायचं. २२ नोव्हेंबर १९७१ ला पूर्व पाकिस्तानच्या सीमेवरच्या बोयराच्या आकाशात चार नॅटनी सेबरना गाठलं, दोन पाकिस्तानी पायलट पॅराशूटनं उतरून पकडले गेले. आणि १४ डिसेंबरला श्रीनगरच्या रनवेवर बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीत सिंग सेखों नॅट घेऊन उडाले, एकटे कित्येक सेबरना भिडले आणि परत आले नाहीत. हवाई दलाला मिळालेलं एकुलतं एक परमवीर चक्र त्यांचं.

दोष नव्हते असं नाही. तोफा अडकायच्या, आणि हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा, गेली की शेपटीचा कंट्रोल सांभाळणं पायलटला फार जड जायचं. लांबवर जायचं विमानही नव्हतं ते. पण नॅटमुळे मला एक सवय लागली, कुठलंही विमान समोर आलं की त्यात काय काय आहे हे मी नंतर बघतो, त्यात काय नाही आणि ते कुणी, कशासाठी काढलं हे आधी बघतो. तू इंजिनिअर होणार आहेस म्हणून तुला एवढं लांबलचक सांगितलं.

दादा, आमच्या घरात तीन पिढ्या लाकडी खेळण्यांचं काम आहे. दुसऱ्या महायुद्धात लाकडाचं विमान लढलं असं ऐकलं, ते खरं का? लाकूड टिकलं कसं? (सावंतवाडी)

खरं आहे, आणि हा प्रश्न सावंतवाडीहून आला याचा मला किती आनंद झाला काय सांगू.

विमानाचं नाव मॉस्किटो, कंपनी डी हॅविलंड, पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. त्या काळी बॉम्बर म्हटलं की ठरलेलं होतं, मोठं विमान, चार इंजिनं, सात-आठ माणसं, आणि पुढं-मागं-वर सगळीकडं मशीनगनचे बुरूज. जेफ्री डी हॅविलंड आणि त्यांचे चीफ डिझायनर आर. ई. बिशप म्हणाले, बुरूजच नकोत. बुरूज नसले की ते चालवणारी माणसं नकोत, माणसं नसली की त्यांच्यासाठी जागा, ऑक्सिजन, चिलखत नको, मग दोनच इंजिनं पुरतात आणि विमान एवढं पळतं की शत्रूचं फायटर मागून पोचतच नाही. सरकारी लोकांना हे पटेना, बिनबंदुकीचा बॉम्बर कसला? विल्फ्रिड फ्रीमन नावाचा एक मोठा अधिकारी मात्र ठामपणे मागं उभा राहिला म्हणून ते झालं.

आता तुमच्या कामाची गोष्ट. विमानाचं धड एका जाड लाकडाचं नव्हतं. बाहेर बर्च लाकडाचं पातळ प्लायवूड, मध्ये बाल्सा, आत परत प्लायवूड, असं सँडविच. बाल्सा म्हणजे ते एकदम हलकं लाकूड, नखानं दाबलं तरी खड्डा पडेल, दक्षिण अमेरिकेतल्या इक्वाडोरहून यायचं. एकटा बाल्सा काही कामाचा नाही आणि एकटं पातळ प्लायवूड वाकतं, पण दोन्ही एकमेकांना चिकटवले की असा कडकपणा येतो की पत्र्याचं विमान करणाऱ्यांनी बघत राहावं. धडाचे दोन अर्धे भाग साच्यावर वेगवेगळे करायचे, शेंग उभी उकलावी तसे. ते उघडे असतानाच आतल्या वायरी, नळ्या, कंट्रोलच्या दोऱ्या बसवायच्या, कारागिराला दोन्ही हात घालून आरामात काम करता यायचं, आणि मग दोन्ही अर्धे चिकटवून टाकायचे. बाहेरून रिव्हेट नाही, जोड नाही, पृष्ठभाग एकदम गुळगुळीत, म्हणून हवाही अडत नाही. युद्धात ॲल्युमिनियमची टंचाई होती आणि धातूचे कारागीर सगळे गुंतलेले, पण फर्निचरवाले आणि पियानो बनवणारे सुतार मोकळे होते, त्यांच्या हाताला हे काम गेलं. अशी ७,७८१ विमानं झाली.

३० जानेवारी १९४३ ला बर्लिनमध्ये नाझी सत्तेला दहा वर्षं झाली म्हणून हिटलरचा हवाई दलप्रमुख गोअरिंग याचं रेडिओवर भाषण होतं, सकाळी बरोबर त्या वेळेला तीन मॉस्किटो बर्लिनवर पोचली आणि भाषण लांबवावं लागलं. भर दिवसा. सुतारांनी केलेल्या विमानांनी.

टिकलं कसं हे विचारलंत, तर सगळीकडं नाही टिकलं. आपल्याकडच्या दमट हवेत, भारत-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४४ मध्ये काही विमानांचे जोड सुटले, माणसं गेली, आणि विमानं जमिनीवर ठेवून एकेक तपासावी लागली. सुरुवातीला वापरलेला गोंद दुधातल्या केसीनपासून केलेला होता, तो ओल धरतो. नंतर कृत्रिम रेझिनचा गोंद आला. काही जोड कारखान्यातच नीट बसले नव्हते असंही निघालं. कोकणातल्या पावसात काम केलेल्या माणसाला यात वेगळं काही सांगायला नको.

आजोबा सांगायचे, १९६१ मध्ये दाबोळीवर बॉम्ब पडले तेव्हा घरातली भांडी हलली. ती विमानं कुठली होती? (वास्को, गोवा)

कॅनबेरा. १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी पुण्याहून उडालेली. त्यांना सांगितलेलं होतं की रनवे निकामी करा पण टर्मिनलच्या इमारतीला धक्का लावू नका, आणि तसंच झालं.

हे विमानही पेटरचंच, नॅटच्या आधीचं. पहिलं उड्डाण १३ मे १९४९. मॉस्किटोची जागा घ्यायला जेट बॉम्बर हवा होता आणि पेटरनं तोच विचार पुढं नेला, स्वतःच्या बचावाला एकही बंदूक नाही. वेग आणि उंची हाच बचाव. त्यासाठी त्यानं पंख भरपूर रुंद दिले, त्यामुळे पातळ हवेतही ते आरामात तरंगायचं, १९५७ मध्ये तर एका कॅनबेरानं ७० हजार फुटांच्या वर जाऊन विक्रम केला. साधं, सरळ, कुठंही नखरा नसलेलं विमान. म्हणूनच आपल्या हवाई दलात ते २००७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं चाललं, शेवटी शेवटी फोटो काढायच्या कामावर. एका विमानाची पन्नास वर्षं म्हणजे पायलटच्या दोन पिढ्या, आजोबांनी ऐकलेला आवाज नातवानंही ऐकला असणार.

अमेरिकेच्या ब्लॅकबर्डच्या टाक्या जमिनीवर गळायच्या म्हणतात. एवढ्या मोठ्या देशाला टाकी नीट बंद करता आली नाही? (पुणे)

रेल्वेच्या जुन्या रुळांमध्ये फट का ठेवायचे ते आठवा, उन्हात लोखंड वाढतं म्हणून. ब्लॅकबर्ड म्हणजे एसआर-७१ हे टेहळणीचं विमान आवाजाच्या तिप्पट वेगानं जायचं, ८० हजार फुटांच्या वर, आणि हवेच्या घर्षणानं त्याचं अंग एवढं तापायचं की विमान काही इंच लांब व्हायचं. म्हणजे जमिनीवर थंड असताना जोड पक्के बसवले तर वर गेल्यावर ते एकमेकांना ढकलून वाकणार. त्यात पंखांच्या आणि धडाच्या कातडीखाली वेगळी टाकी नव्हतीच, कातडी हीच टाकी. मधल्या सांध्यांना सील लावायचे पण तापणं आणि थंड होणं यात ते टिकायचे नाहीत. गळती होती हे खरं, पण ती कुणाच्या हलगर्जीपणामुळे नव्हती, गरम असताना नीट बसणारं विमान हवं म्हणून थंड असतानाची ती किंमत मोजलेली होती. इंधनही मुद्दाम असं बनवलेलं की काडी टाकली तरी सहज पेटू नये.

लॉकहीड कंपनीतल्या केली जॉन्सनच्या टीमनं हे केलं, कॉम्प्युटर नावाची गोष्ट आजच्यासारखी नसताना, पहिलं उड्डाण २२ डिसेंबर १९६४. ॲल्युमिनियम त्या तापमानाला टिकत नाही म्हणून बहुतेक विमान टायटॅनियमचं. आणि टायटॅनियम पुरेसं कुठं मिळत होतं, तर सोव्हिएत युनियनमध्ये, ज्याच्यावर हेरगिरी करायची त्याच्याकडूनच मधल्या मधल्या कंपन्यांमार्फत ते विकत घेतलं. मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र पाण्याची आहे. उन्हाळ्यात वेल्डिंग केलेले भाग लवकर निकामी व्हायचे आणि हिवाळ्यातले टिकायचे, कारण काही केल्या सापडेना. शोधत शोधत गेल्यावर कळलं की उन्हाळ्यात गावाच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त टाकतात आणि भाग धुवायला तेच पाणी वापरलं जातंय. मग शुद्ध पाणी वापरायला लागले. ज्यानं ते शोधलं तो माणूस किती रात्री जागला असेल असं मला नेहमी वाटतं.

यातही बंदूक नाही, बॉम्ब नाही, क्षेपणास्त्र नाही. कुणी खालून क्षेपणास्त्र सोडलं तर पायलटनं काय करायचं? अजून वेग वाढवायचा. शत्रूला ते एकदाही पाडता आलं नाही.

तुमचं सदर मी आवडीनं वाचते, पण एक खुपतं. ही माणसं मारायची यंत्रं आहेत. त्यांना सुंदर म्हणताना तुम्हाला काही वाटत नाही का? (निवृत्त शिक्षिका, मिरज)

बाई, वाटतं. तुमचं पत्र आठवडाभर माझ्या टेबलावर होतं.

मी लोहगावच्या धावपट्टीजवळ वाढलो. मिग-२९ डोक्यावरून गेलं की वर्गात शिक्षकांना बोलणं थांबवावं लागायचं आणि आम्ही मुलं खिडकीकडं धावायचो. ती ओढ आधी लागली, ते यंत्र कशासाठी आहे हे खूप नंतर कळलं. पण कळल्यावर मी ते बाजूला नाही ठेवलं. दाबोळीचं उत्तर लिहितानाही मनात होतं की वर कॅनबेराची रेषा सुंदर आहे आणि खाली एक घर हलतंय, दोन्ही एकाच क्षणी खरं आहे. सेखोंबद्दल लिहिताना नॅटच्या पंखाचं कौतुक करायला माझा हात अडतो, कारण त्या पंखाखाली ते एकटे होते.

तुम्हाला पेटरबद्दलच अजून एक सांगतो, तुमच्या प्रश्नाच्या जवळचं आहे म्हणून. लायसँडर, कॅनबेरा, नॅट, आणि लायटनिंग या सुपरसॉनिक फायटरची सुरुवात, एवढं सगळं एका माणसाचं काम. लायसँडर तर इतक्या थोड्या जागेत उतरायचं की युद्धात रात्री फ्रान्समधल्या शेतांत उतरून गुप्त माणसं सोडायचं न् आणायचं, आणि आपल्या हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रननं १९४२ मध्ये स्क्वाड्रन लीडर 'जंबो' मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली ब्रह्मदेशात तीच साधी विमानं बॉम्ब बांधून वापरली. असा हा पेटर नॅट झाल्यावर, पन्नाशी नुकतीच ओलांडल्यावर, एके दिवशी विमानांचं काम पूर्ण सोडून कुटुंबासह स्वित्झर्लंडला एका धार्मिक समूहात राहायला गेला. परत विमानांच्या जगात आलाच नाही. १९६८ मध्ये गेला, म्हणजे बोयरा आणि श्रीनगर व्हायच्या तीन वर्षं आधी. त्याच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण मला जेव्हा ही गोष्ट कळली तेव्हापासून मी नॅटचा फोटो बघतो आणि तो माणूसही दिसतो.

मी सुंदर म्हणत राहणार आहे बाई. पण कुणाच्या डोक्यावरून ते गेलं हेही लिहीन, हे तुम्हाला कबूल करतो.

माझे वडील ओझरला मिगच्या कारखान्यात होते. मिग-२१ निवृत्त झालं त्या दिवशी टीव्हीसमोर बसून रडले. लोक त्याला उडती शवपेटी म्हणतात. डिझाइन खरंच वाईट होतं का? (ओझर, नाशिक)

नव्हतं. वडिलांना माझा नमस्कार सांगा.

मिग-२१ एका कामासाठी काढलेलं, शत्रूचं विमान येतंय कळलं की झटकन वर चढायचं, गाठायचं, मारायचं, परत यायचं. त्यासाठी त्रिकोणी पातळ पंख, मागं वेगळी शेपटी, आणि धड म्हणजे जवळजवळ इंजिनाभोवती गुंडाळलेली नळी. नाकाला जो टोकदार शंकू दिसतो तो शोभेचा नाही, आवाजापेक्षा वेगात जाताना हवेला तो आधी अडवतो, थोडी हळू करतो आणि मगच इंजिनात जाऊ देतो, वेगाप्रमाणे पुढं-मागं सरकतोही. रडार त्याच शंकूत, त्यामुळे रडार लहानच राहणार. इंधन कमी, म्हणून लांब जाणार नाही. पातळ पंख म्हणून उतरताना वेग खूप, ताशी तीनशे किलोमीटरच्या वर. या सगळ्या गोष्टी डिझायनरनी माहीत असून स्वीकारल्या होत्या, आणि जगभरात ११ हजारांच्या वर विमानं बनली ती उगाच नाही. १४ डिसेंबर १९७१ ला, सेखों श्रीनगरला लढले त्याच दिवशी, ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट टाकली ती मिग-२१ विमानांनी.

आपण त्याला १९६३ मध्ये घेतलं आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला निरोप दिला. बासष्ट वर्षं. मध्ये कित्येक वर्षं असं होतं की नव्या पायलटला साध्या ट्रेनरवरून थेट या तापट विमानावर यावं लागायचं, मधली पायरी असलेलं हॉक ट्रेनर आलं ते २००८ मध्ये. जुनं विमान, नवी पोरं आणि एवढा उतरण्याचा वेग, यातून जे व्हायचं ते झालं आणि घरंच्या घरं दुःखात गेली. ते नाव त्या दुःखातून आलंय, त्या लोकांवर मी रागावू शकत नाही. पण ओझरच्या शेडमध्ये ज्या हातांनी ते जोडलं त्या हातांचा दोष नव्हता.

सी हॅरिअर जागेवर थांबायचं कसं? (बारावीतला विद्यार्थी, पणजी)

आपल्या नौदलाचं हे जेट हवेत एका जागी थांबायचं ते इंजिनाची हवा मागं जाण्याऐवजी खाली वळवून. पेगासस नावाचं इंजिन, त्याला चार तोंडं, पुढच्या दोनांतून पंख्याची थंड हवा, मागच्या दोनांतून गरम. चारही एकदम फिरतात, त्यांना फिरवणारी यंत्रणा चेननं जोडलेली आहे, मोटारसायकलला असते तशी. पायलटकडं थ्रॉटलशेजारी एकच जादा दांडा, मागं ओढला की तोंडं खाली. जागेवर उभं असताना पंखावर हवा नसते, मग तोल कसा सांभाळायचा? नाक, शेपटी आणि पंखांच्या टोकांना बारीक फवारे ठेवलेत, तिथून हवा सोडून. आणि इंजिनाचे आतले दोन भाग एकमेकांच्या उलट फिरतात, नाहीतर भोवऱ्यासारखं त्यानं विमानालाच वळवलं असतं. दुसऱ्या लोकांनी याच कामासाठी वर उचलायला वेगळी इंजिनं बसवून बघितली, ती एकदा वर गेलं की नुसतं ओझं. इथं एकच इंजिन.

त्याचा पूर्वज पी.११२७ पहिल्यांदा दोरीला बांधून २१ ऑक्टोबर १९६० ला उचलला, पायलट बिल बेडफर्डचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता. आणि पेगाससच्या पोटातला गाभा कुठून आला माहितीये? ऑर्फियस. नॅटचं इंजिन. तुमच्या गोव्यात सी हॅरिअर १९८३ ते २०१६ उडत होतं, बोगमाळोच्या नौदलाच्या म्युझियममध्ये जाऊन त्याच्या पोटाखालची ती चार तोंडं नीट बघून ये.

काका मी पाचवीत आहे. मला खरं फायटर हात लावून बघायचंय. मुंबईत कुठं आहे? (वरळी)

अरे तुझ्या घराजवळच आहे! नेहरू सायन्स सेंटरमध्ये मरुत उभं आहे, एचएफ-२४. आईबाबांना घेऊन जा आणि जायच्या आधी हे वाच.

मरुत हे भारतात डिझाइन होऊन बनलेलं पहिलं जेट फायटर. पंडित नेहरूंच्या काळात कुर्ट टँक नावाच्या जर्मन डिझायनरला बोलावलं, महायुद्धातलं फॉके-वुल्फ १९० हे त्यांचं विमान, स्वतः विमान उडवूनही बघायचे. १९५६ मध्ये ते आले, मद्रासला शिकवलंही, अब्दुल कलाम त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये होते. मग बंगळुरूला आपल्या इंजिनिअरांबरोबर काम सुरू झालं. त्यांनी आधी पूर्ण आकाराचं लाकडाचं ग्लायडर बनवलं, इंजिन नसलेलं, दुसऱ्या विमानानं ओढून वर नेलं न् सोडलं, म्हणजे आकार नीट उडतो का ते कळतं. १७ जून १९६१ ला खरं मरुत उडालं, पायलट सुरंजन दास.

आता त्याच्याकडं बाजूनं बघ. मध्ये कंबर बारीक दिसेल. पंख जिथं जोडलेत तिथं धड बारीक केलंय, कारण आवाजाच्या वेगाजवळ हवेला पंख आणि धड मिळून एकूण किती जाडी आहे ते लागतं, एकदम वाढलेली चालत नाही. किती छान आकार आहे बघ, नाक लांब, पाठ सरळ.

मग मागं जा. दोन इंजिनं दिसतील, लहान आहेत. तीच ऑर्फियस, नॅटमध्ये एक होतं, इथं दोन. पण हे विमान त्या इंजिनासाठी काढलंच नव्हतं. जास्त ताकदीचं, आफ्टरबर्नर (म्हणजे इंजिनाच्या मागच्या गरम झोतात अजून इंधन जाळून जोर वाढवायची सोय) असलेलं ऑर्फियस येणार होतं, त्याचा खर्च कुणी उचलायचा यावर गाडी अडली आणि ते इंजिन बनलंच नाही. दुसरं शोधलं, जमलं नाही. आपल्याकडंच आफ्टरबर्नर बसवून बघितला आणि त्या चाचण्यांमध्ये १९७० च्या जानेवारीत सुरंजन दास गेले. आवाजाच्या दुप्पट वेगासाठी काढलेलं शरीर आयुष्यभर आवाजाच्या वेगाच्या आसपासच राहिलं. मी वर सगळ्यांना सांगत आलोय की डिझायनरनं काय सोडलं ते बघा, इथं मात्र डिझायनरनं सोडलं नाही, त्याला मिळालंच नाही. तरी १९७१ मध्ये राजस्थानच्या आघाडीवर मरुतनी जमिनीजवळून उडत जे काम केलं ते फार मोलाचं होतं, गोळ्या खाल्ल्या आणि एका इंजिनावर परत आलं असंही झालं. एकूण १४७ बनली. एक जर्मनीत म्युनिकच्या म्युझियमलाही दिलंय.

हात लावायला देतात का ते तिथल्या काकांना विचार. दिलं तर हवा जायच्या तोंडाची कड चाचपून बघ, किती पातळ आहे ती. आणि घरी आल्यावर कंबरेसकट चित्र काढून पाठव, पुढच्या अंकात छापू.